पुष्कळांचे पुष्कळ सुख आणि हिशेबाची वही

एक आगबोट भर वेगात चालली आहे. कप्तानाकडून चूक झालेली नाही, हयगयही नाही. अचानक समोर वीस-तीस उतारूंनी भरलेली होडी येते. बोट थांबवायला अवधी नाही. सुकाणू वळवले तर ती माणसे वाचतील. पण वळवलेल्या वाटेवर दुसरी होडी आहे, तिच्यात दोघेच जण आहेत, आणि ती बोटीखाली सापडण्याचा धोका आहे. कदाचित निसटेलही. कप्तानाने सुकाणू वळवले आणि ते दोघे बुडाले, तर तो गुन्हेगार ठरतो का?

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ८१ खाली हा दाखला दिलेला आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ साली आवरता न येणाऱ्या ट्रामचे उदाहरण मांडले, एका रुळावर पाच माणसे आणि दुसऱ्यावर एक, आणि तेव्हापासून जगभरच्या विद्यापीठांत त्यावर वाद झडत आले आहेत. त्याच्या शंभर वर्षे आधीपासून आपल्या तालुका कोर्टातले वकील जवळजवळ तोच प्रश्न कलम ८१ म्हणून वाचत होते. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमाचा आकडा १९ झाला, होड्या त्याच राहिल्या.

किती माणसांना किती दुःख होईल आणि किती टळेल, हे मोजून बरे-वाईट ठरवावे, ही दृष्टी आपल्या कायद्यात, महसुलात, धरणांत आणि दवाखान्यांत इतकी मुरली आहे की ती कोणा एका विचारपंथाची देणगी आहे हे आपण विसरून गेलो आहोत. तो पंथ म्हणजे उपयुक्ततावाद. मराठीत हा शब्द थोडा दगा देतो. 'उपयुक्त' म्हटले की आपल्याला खुंटी, दोरी, छत्री आठवते. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त या मताचे सार 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' अशा शब्दांत सांगितले, ते अधिक नेमके आहे. या पंथाने जगाला काय दिले आणि त्याच्या नावावर काय झाले, याचा हा आढावा. तो घेताना मला एकच प्रश्न सतत विचारावासा वाटतो : सुखदुःखाच्या हिशेबाची वही कोणाच्या हाती होती?

ही कल्पना पंथाचा मुख्य पुरस्कर्ता जेरेमी बेंथम याच्या आधीची आहे. फ्रान्सिस हचिसनने १७२५ साली जास्तीत जास्त लोकांच्या जास्तीत जास्त सुखाची भाषा वापरली होती. इटलीत बेक्कारियाने १७६४ मध्ये शिक्षेचा विचार करताना तीच कसोटी लावली. पण तिचा कारखाना उभारला तो बेंथमने. १७४८ साली लंडनमध्ये जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी ऑक्सफर्डला गेला, वकील झाला आणि वकिली करण्याऐवजी कायद्याच्याच मागे लागला. त्या काळच्या इंग्लंडात दोनशेच्या आसपास गुन्ह्यांना फाशी होती आणि त्यांत किरकोळ चोऱ्याही होत्या. कायदा असा का, असे विचारले की उत्तर येई : पूर्वापार असाच आहे. बेंथमला हे उत्तर सहन होत नसे. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नीती आणि कायदे यांच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथात त्याने सांगितले की प्रत्येक कायद्याला, प्रत्येक शिक्षेला एकच प्रश्न विचारा : याने दुःख घटते की वाढते? शिक्षा हेही दुःखच आहे. तेव्हा तिच्याने त्याहून मोठे दुःख टळत नसेल, तर ती देण्याचा कोणालाही हक्क नाही.

या प्रश्नाची धार आज आपल्याला जाणवत नाही, कारण ती आपल्या अंगवळणी पडली आहे. पण तेव्हा राजा, धर्मपीठ, घराणे, रूढी यांपैकी कशाचाच मान या प्रश्नापुढे टिकत नव्हता. सरदाराचे सुख आणि मोळीविक्याचे सुख एकाच मापाने मोजायचे, प्रत्येकाला एक धरायचे, कोणालाही दीड धरायचे नाही. एवढ्यावरच बेंथम थांबला नाही. प्राणी बोलत नाहीत, तर्क करत नाहीत, हे खरे. पण त्यांना वेदना होतात, मग त्यांना हिशेबाबाहेर का ठेवायचे, असे त्याने एका तळटीपेत विचारले. पुरुषापुरुषांमधल्या संमतीच्या संबंधांना शिक्षा देण्यास काही आधार सापडत नाही, असे त्याने १७८५ च्या सुमारास लिहून ठेवले. ते छापण्याचे धाडस मात्र हयातीत झाले नाही, ते लेखन १९७८ मध्ये बाहेर आले. वसाहती सोडून द्या, असेही त्याने १७९३ मध्ये फ्रान्सला बजावले. ६ जून १८३२ रोजी तो वारला, तेव्हा इच्छापत्राप्रमाणे त्याच्या देहाचे वैद्यकीय शिक्षणासाठी विच्छेदन झाले. मेलेल्या देहाचाही कोणाला उपयोग व्हावा, हा आग्रह त्याने स्वतःपासून पाळला. त्याचा सांगाडा कपडे घालून आजही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसवलेला आहे.

त्याच माणसाने पॅनॉप्टिकॉन नावाच्या तुरुंगाचा आराखडाही काढला होता. मधोमध पहारेकऱ्याचा मनोरा, भोवती वर्तुळात कोठड्या. पहारेकऱ्याला सगळे दिसतात, कैद्याला पहारेकरी दिसत नाही. इंग्लंडात तो तुरुंग त्याच्या हयातीत उभा राहिला नाही. पण मध्यभागी उभे राहून सर्वांवर नजर ठेवण्याची कल्पना तुरुंगांच्या बांधणीत शिरली. अंदमानच्या सेल्युलर जेलचे सात विभाग मधल्या मनोऱ्याला जोडलेले होते, हे सावरकरांच्या वाचकांना ठाऊक आहे. बेंथमच्या विचाराच्या दोन्ही बाजू इथे शेजारीशेजारी दिसतात. प्रत्येकाला सारखे मोजणारी दयाळू नजर आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारी मनोऱ्यातली नजर, दोन्ही एकाच माणसाच्या.

बेंथमचा शिष्य जेम्स मिल हा स्कॉटलंडमधल्या एका चांभाराचा मुलगा. त्याने १८१७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. तो हिंदुस्थानात कधी आला नाही, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती, आणि हे त्याने प्रस्तावनेत लपवले नाही. उलट, दुरून पाहणाऱ्याला नीट न्याय करता येतो असा दावा केला. त्या पुस्तकाच्या जोरावर १८१९ मध्ये त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी मिळाली आणि पुढे तो तिथला मोठा अधिकारी झाला. लॉर्ड बेंटिंक १८२८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आला तो याच मंडळींच्या प्रभावाखाली. १८२९ ची सतीबंदी, १८३३ च्या सनदी कायद्याने निर्माण झालेले कायदेमंत्र्याचे पद, त्या पदावर आलेला मेकॉले आणि त्याने १८३७ मध्ये सादर केलेला दंडसंहितेचा मसुदा, ही सगळी एकाच ओळीतली पावले आहेत. गंमत अशी की मेकॉलेने १८२९ मध्ये जेम्स मिलच्या राज्यशास्त्रावर कडक टीका केली होती. पण कायदा लिहायला बसल्यावर त्याने घेतली ती बेंथमचीच पद्धत. सगळा कायदा एका पुस्तकात, सोप्या कलमांत, प्रत्येक कलमाखाली दाखले. सामान्य माणसाला वाचून समजेल असा कायदा असावा, हे बेंथमचे स्वप्न इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात प्रत्यक्षात आले. आणि त्याच संहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ आले, ज्याचा पाया बेंथमने खासगी कागदांत उखडून टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले ६ सप्टेंबर २०१८ रोजी. गुरूचे न छापलेले मत शिष्यांच्या कायद्यावर मात करायला सव्वादोनशेहून अधिक वर्षे लागली.

आता जरा इंदापूरला जाऊ. या आढाव्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे प्रकरण.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि दख्खनचा सारा कंपनीच्या हाती आला. सारा किती घ्यावा? जेम्स मिल आणि त्याचा मित्र अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो यांच्याकडे उत्तर तयार होते. जमिनीच्या उत्पन्नातून कसण्याचा सगळा खर्च, मजुरी आणि वाजवी नफा वजा केला की जे उरते तो शुद्ध खंड. तो कोणाच्याही कष्टाचा नाही, जमिनीच्या कसाचा आहे. म्हणून सरकारने सारा त्यातूनच घ्यावा. कोणाला दुखापत होणार नाही आणि शेतीही वाढेल. कागदावर यात खोट काढता येत नाही. कंपनीचे तरुण अधिकारी इंग्लंडातल्या हेलीबरीच्या कॉलेजात तयार होत आणि तिथे त्यांना अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता. त्याचाच विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल पुणे जिल्ह्यात आला आणि १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने मोजणी सुरू केली. शेत मोजायचे, मातीची प्रत लावायची, त्या प्रतीच्या जमिनीत किती पिकते, त्यावर बैल, बी, मजुरी यांचा खर्च किती, हे काढायचे, आणि शिल्लक राहील त्याच्या ५५ टक्के सारा.

इंदापूरची जमीन ज्याने पाहिली आहे त्याला या गणितातली भेग लगेच दिसेल. भीमा आणि नीरा यांच्यामधला तो अवर्षणाचा पट्टा. एका वर्षी ज्वारी कणसाला लोंबते, पुढची दोन वर्षे कडबाही हाती लागत नाही. तिथे 'सरासरी उत्पन्न' नावाची वस्तू शेतकऱ्याने कधी पाहिलेली नव्हती. घरच्या बैलाची, घरच्या बाईच्या कष्टाची किंमत कोण कशी लावणार? शिवाय हे आकडे गोळा करणारे होते हाताखालचे कारकून. चावडीत बसून कोणाची माती 'पहिली' आणि कोणाची 'तिसरी' हे त्यांनी लिहायचे; त्या लिहिण्यात देवघेवीला भरपूर वाव होता. वही साहेबाच्या हाती, लेखणी कारकुनाच्या हाती आणि ज्याच्या पोटाचा हिशेब चालला होता तो बाहेर उभा. १८३० मध्ये हा सारा लागू झाला, आणि थोड्याच वर्षांत इंदापुरात रान ओसाड पडू लागले. सारा वसूल होईना, थकबाकी फुगली, कित्येक कुणबी गाव सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले.

सरकारने चूक ओळखली, हेही नोंदवले पाहिजे. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरातच नव्याने मोजणी केली. त्यांनी शुद्ध खंडाचा सिद्धांत जवळजवळ गुंडाळून ठेवला. मातीची प्रत, पूर्वी प्रत्यक्ष किती सारा वसूल होत होता, बाजार किती लांब, पाऊसपाणी कसे, हे पाहून दर ठरवले आणि ते ३० वर्षांसाठी बांधले. सारा उतरला, ओसाड रान पुन्हा नांगराखाली आले. आपण सातबाऱ्यावर जो सर्व्हे नंबर वाचतो तो याच पद्धतीचा वारसा. मात्र ३० वर्षांनी, १८६७ मध्ये इंदापूरचा सारा पुन्हा वाढला आणि तोही मोठ्या प्रमाणात. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेले कापसाचे भाव तोवर कोसळलेले होते. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने आणि घरे गाठून कर्जरोखे जाळले. त्या उठावाची कारणे अनेक होती. सावकारी होती, कोर्टाचे हुकूमनामे होते, कापसाची मंदी होती. सारावाढ त्यांतले एक. सगळा दोष तत्त्वज्ञानावर टाकणे अन्याय होईल. पण ज्या सिद्धांताने कोणालाही दुखापत होणार नाही असे सांगितले होते, त्याची पहिली परीक्षा इंदापुरात झाली आणि तो नापास झाला. पुण्यात १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी भारतीय अर्थशास्त्रावरच्या व्याख्यानात नेमका हाच धागा पकडला. इंग्लंडातल्या गृहीतकांवर उभारलेले नियम सर्व देशांना, सर्व काळी लागू पडतात असे समजणे ही चूक आहे, हे त्यांचे म्हणणे. अनुभवातून आलेले असल्यामुळेच ते आजही ताजे वाटते.

जेम्स मिलने आपल्या थोरल्या मुलालाही सिद्धांतानुसार वाढवले. जॉन स्टुअर्ट मिल तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकू लागला, खेळगडी नव्हते, शाळा नव्हती. विसाव्या वर्षी, १८२६ मध्ये, त्याने स्वतःला विचारले : मला ज्या सुधारणा हव्या आहेत त्या सगळ्या आज झाल्या, तर मी सुखी होईन का? उत्तर 'नाही' असे आले आणि तो खचला. त्या अंधारातून त्याला कवितेने बाहेर काढले. पुढे त्याने उपयुक्ततावादाची जी नवी मांडणी केली, तिच्यामागे हा अनुभव आहे असे मला वाटते. सगळी सुखे एका मापाची नसतात. काही सुखांची प्रतच वरची असते. आणि माणसाला सुख देऊन चालत नाही, ते शोधण्याची मोकळीक द्यावी लागते. १८५९ चा त्याचा स्वातंत्र्यावरचा निबंध याच विचारातून आला. १८६७ मध्ये मताधिकाराच्या विधेयकातला 'पुरुष' हा शब्द काढून तिथे 'व्यक्ती' घाला, अशी दुरुस्ती त्याने पार्लमेंटात मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली, पण मांडली गेली.

हाच मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत, तब्बल ३५ वर्षे, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता आणि स्वातंत्र्यावरच्या त्याच निबंधात त्याने म्हटले की मागासलेल्या समाजांच्या बाबतीत, त्यांच्या भल्याचा हेतू असेल तर, हुकूमशाही राजवट चालते. हे वाक्य आपण विसरू नये आणि त्याच्यासाठी मिलला टाकूनही देऊ नये. तो विचारात चुकला नव्हता. वही परक्याच्या हातून काढून घेण्याची वेळ आली तेव्हा कचरला. त्याचे हिंदुस्थानी वाचक कचरले नाहीत. त्यांनी मिलचाच मजकूर उघडला आणि त्यात आपल्यासाठी केलेला अपवाद बाजूला सारला.

त्यांत गोपाळ गणेश आगरकर अग्रभागी. मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनावर पोसलेल्या या माणसाने १८८८ मध्ये 'सुधारक' काढले आणि बेंथमचा प्रश्न मराठी घरात आणला : या रूढीने कोणाचे दुःख वाढते? केशवपन, बालविवाह, सोवळेओवळे यांना शास्त्राधार आहे की नाही यावर इतर सुधारक खल करत असताना आगरकरांनी शास्त्राचा दाखला न मागता दुःखाचा दाखला मागितला. विधवेचे दुःख हिशेबात धरायचे की नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता. उपयुक्ततावादाचा आपल्याकडचा सर्वांत स्वच्छ, सर्वांत निर्भय वापर आगरकरांनी केला, असे मी म्हणेन.

आणि सर्वांत खोल टीका केली ती त्यांच्या एकेकाळच्या मित्राने. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले. त्यात आधिभौतिक सुखवादाला एक आख्खे प्रकरण आहे. बेंथम, मिल, सिज्विक यांना त्यांनी फेकून दिलेले नाही. स्वार्थी सुखवादापासून सुरुवात करून ते एकेक पायरी चढत 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' या टोकाला येतात, त्याचा मोठेपणा मान्य करतात आणि मग विचारतात : पुष्कळ म्हणजे कोण? कौरवांकडे अकरा अक्षौहिणी सैन्य होते, पांडवांकडे सात. डोकी मोजून न्याय ठरवायचा तर पांडवांचा पक्ष अन्यायाचा ठरेल. आणखी एक उदाहरण ते देतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात लोकांच्या सोयीसाठी ट्राम सुरू करायची होती, परवानगीला उशीर होत होता, म्हणून चालकाने अधिकाऱ्याला लाच दिली. ट्राम झाली, सगळ्यांचे सुख वाढले. मग लाच योग्य ठरली का? टिळकांचे उत्तर असे की बाहेरचा परिणाम ही अपुरी कसोटी आहे; कर्त्याची बुद्धी पाहावी लागते. सर्वांभूती समान झालेली बुद्धी असेल, तरच तिच्या हातून झालेला हिशेब विश्वासाचा.

इथे मला पुन्हा ती आगबोट आठवते. कलम ८१ नीट वाचले तर दिसते की ते वीस विरुद्ध दोन एवढ्यावर कप्तानाला सोडत नाही. संकट त्याच्या चुकीने आलेले नसावे, दुसऱ्या होडीला बुडवण्याचा हेतू नसावा, कृती सद्बुद्धीने केलेली असावी, आणि टाळायचा धोका खरोखरच इतका मोठा असावा की दुसरा धोका पत्करणे क्षम्य ठरेल. आकडा आणि बुद्धी, दोन्हींचा हिशेब. बेंथमच्या परंपरेतल्या कायद्याने टिळकांच्या आक्षेपाला आधीच जागा करून ठेवली होती. आकड्यांच्या भरात ती जागा बुजवतात ते पुढचे लोक.

टिळकांच्या उत्तरातही एक अडचण राहते. समबुद्धी कोणाची, हे ठरवणार कोण? ज्यांना शतकानुशतके हिशेबाबाहेर ठेवले, त्यांनी वही धरणाऱ्याच्या शुद्ध बुद्धीवर किती भरवसा ठेवायचा? डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. 'हिंदुत्वाचे तत्त्वज्ञान' या त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथात त्यांनी हिंदू धर्माला दोन कसोट्या लावल्या, एक न्यायाची आणि दुसरी उपयुक्ततेची. दोन्ही वेगवेगळ्या लावल्या, हे महत्त्वाचे. निव्वळ उपयुक्तता हाती घेतली तर जातिव्यवस्थेने श्रमविभागणी साधते, बहुसंख्यांची सोय होते, असे कोणीही म्हणू शकतो. न्यायाची कसोटी शेजारी ठेवली की ती पळवाट बंद होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी मिलचाच इशारा सांगितला : कितीही मोठ्या माणसाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नका. त्याच भाषणात, राजकारणात एक माणूस एक मत आणि एक मूल्य मानू, पण सामाजिक-आर्थिक जीवनात तेच नाकारत राहू, या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवले. प्रत्येकाला एक धरायचे, हा बेंथमचा नियम अखेर भारतात घटनेच्या पानावर आला तो असा. आणि तो आणणारे हात हिशेबाबाहेर ठेवलेल्यांतले होते.

आकाशवाणीच्या बोधचिन्हाखालचे 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे बुद्धवचन वाचून काहीजण म्हणतात की बेंथमचे सूत्र आपल्याकडे आधीच होते. शब्द जवळचे आहेत, यात शंका नाही. पण बुद्धाने भिक्खूंना ते सांगितले चालत फिरायला, लोकांत जाऊन बोलायला पाठवताना. ते करुणेचे वचन आहे, जमाखर्चाचे नाही. दोन्हींची गल्लत केली तर दोन्हींचे मोल कळत नाही.

विसाव्या शतकात हा विचार तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतून निघून अर्थशास्त्राच्या कोष्टकांत जाऊन बसला. सिज्विकचा १८७४ चा ग्रंथ आणि पिगूचे १९२० चे कल्याणाचे अर्थशास्त्र हे त्यातले टप्पे. गरिबाला मिळालेल्या रुपयाचे सुख श्रीमंताच्या रुपयाहून अधिक, म्हणून श्रीमंतावर जास्त कर लावा, हा पिगूच्या परंपरेतला युक्तिवाद आजच्या चढत्या करांमागे उभा आहे. मग १९३२ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबिन्सने आक्षेप घेतला : एकाच्या सुखाची दुसऱ्याच्या सुखाशी तुलना शास्त्रीय रीतीने करताच येत नाही. त्यावर १९३९ मध्ये कॅल्डॉर आणि हिक्स यांनी तोडगा काढला. एखाद्या योजनेत ज्यांचा फायदा होतो ते तोटा झालेल्यांना भरपाई देऊनही नफ्यात राहू शकत असतील, तर ती योजना चांगली. भरपाई देता येण्याजोगी असली की पुरे. ती प्रत्यक्ष दिलीच पाहिजे, असे या कसोटीत नव्हते. धरणे, महामार्ग, खाणी यांचे लाभ-खर्चाचे तक्ते पुढे पन्नास वर्षे जगभर या कसोटीच्या सावलीत तयार झाले.

महाराष्ट्राने मात्र या कसोटीचा अनुभव तिचा जन्म होण्याआधीच घेतला होता. मुळशी खोऱ्यात धरण बांधून मुंबईला वीज द्यायची होती. मुंबईच्या गिरण्या, दिवे, आगगाड्या एका पारड्यात. मावळातली आंबेमोहोराची भातखाचरे दुसऱ्या. जमीन घेतली १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, 'सार्वजनिक हिता'साठी. एप्रिल १९२१ मध्ये रामनवमीला मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. जमिनीचे कागदोपत्री मालक असलेले अनेक सावकार भरपाई घ्यायला तयार होते. ती पिढ्यान्‌पिढ्या कसणारे तयार नव्हते. भरपाईच्या वहीत सावकाराचे नाव होते, कुळाचे नव्हते. धरण झाले. त्याची वीज मुंबईने वापरली, आणि तिचा फायदा खरा होता, हेही सांगितले पाहिजे. कोयनेची वीज आणि उजनीचे पाणी नसते तर आजचा महाराष्ट्र असा नसता. म्हणूनच मोजू नका असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कोयनेच्या विस्थापितांच्या पुढच्या पिढ्याही हक्काच्या जमिनीसाठी आंदोलन करत राहिल्या, तेव्हा त्यांची तक्रार नीट मोजले नाही म्हणून होती.

तत्त्वज्ञांनीही नेमका हाच आक्षेप घेतला. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये म्हटले की उपयुक्ततावाद माणसामाणसांतला वेगळेपणा गंभीरपणे घेत नाही. एका माणसाचे आजचे दुःख त्याच्या उद्याच्या सुखासाठी चालते, पण एकाचे दुःख दुसऱ्याच्या सुखाने कसे भरून निघेल? अमर्त्य सेन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती आपल्या समाजाला जास्त लागू आहे. सतत वंचित राहिलेली माणसे अपेक्षाच कमी करून घेतात. घरात सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईला विचारा, ती म्हणेल, माझे बरे चालले आहे. सुख तिच्या तोंडून मोजले तर तिची उपासमार हिशेबात येतच नाही. म्हणून सेन म्हणतात, माणसाला काय वाटते एवढेच पाहू नका. त्याला काय करता येते, काय होता येते, ते पाहा.

या सगळ्या टीकेनंतरही तो जुना प्रश्न मेला नाही. १९७१ मध्ये बांगलादेशाचे लाखो निर्वासित बंगालात येऊन पडले होते, त्या पार्श्वभूमीवर पीटर सिंगरने लिहिलेला निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरच्या डबक्यात बुडणारे मूल आणि हजार मैलांवर भुकेने मरणारे मूल यांत नैतिक फरक काय, असे त्याने विचारले. १९७५ मध्ये त्याने बेंथमची प्राण्यांबद्दलची तळटीप उचलून तिचा ग्रंथ केला. आज कोणत्या आजाराच्या औषधावर सरकारने पैसा खर्चावा हे ठरवताना इंग्लंडची आरोग्यव्यवस्था एका उपचारातून निरोगी आयुष्याची किती वर्षे मिळतात ते मोजते. सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटर एक आणि रोगी तीन असतात तेव्हा ड्यूटीवरची डॉक्टरही, तिने बेंथमचे नाव ऐकलेले असो वा नसो, हेच करत असते. तिला मोजण्यावाचून सुटका नाही.

मोजणे टळत नाही, तर मग कोणी मोजायचे? भारताने या प्रश्नाचे एक उत्तर कायद्यात लिहून ठेवले आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन बंधनकारक केले. बाधित गावात जनसुनावणी झाली पाहिजे, अहवाल स्थानिक भाषेत पंचायतीकडे आला पाहिजे, तो तपासणाऱ्या तज्ज्ञगटात पंचायत किंवा ग्रामसभेचे दोन प्रतिनिधी असले पाहिजेत, आणि प्रकल्पाचे लाभ त्याच्या सामाजिक किमतीहून जास्त आहेत का, हे त्या गटाने सांगितले पाहिजे. बेंथमची कसोटी, पण वहीवर गावाचाही हात. इंदापूरच्या चावडीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत बोलवायला एकशे ऐंशीहून अधिक वर्षे लागली. पुढे काही राज्यांनी दुरुस्त्या करून ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना या मूल्यमापनातून सूट देण्याची सोय केली. २०१८ मध्ये महाराष्ट्रानेही ती केली.

तुमच्या तालुक्यात उद्या असा प्रकल्प आला आणि त्याचा मराठी अहवाल ग्रामपंचायतीच्या कपाटात येऊन पडला, तर तो मागून घ्या आणि वाचा. लाभाच्या रकान्यातले आकडे पाहाच. पण आधी पाहा की तोट्याच्या रकान्यात कोणाकोणाची नावे आहेत, आणि ती नावे घालताना त्या माणसांना विचारले होते का. अहवालच झालेला नसेल, तर तो का झाला नाही, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा.